मागाचा दादरा

साने गुरुजींच्या ‘मनूबाबा’चा नायक निम्मी गोष्ट होईपर्यंत कुणाशी धड बोलत नाही. जिवलग मित्रानेच त्याच्यावर चोरीचा आळ घातलेला असतो, ज्यांना आपलं म्हटलं त्यांनी पाठ फिरवलेली असते. म्हणून तो गाव सोडतो, परक्या गावाच्या कडेला झोपडीत राहतो, दिवसभर हातमाग चालवतो आणि रात्री दार लावून मोहरा मोजतो. पुस्तकात हे निभावतं, कारण त्याच्या मनातलं सांगायला गुरुजी असतात. रंगमंचावर गुरुजी नसतात. आणि आम्हाला तर याचं गाण्यांचं नाटक करायचं होतं, आजोबांनी आणि नातवाने शेजारी शेजारी बसून बघावं असं. पडदा वर गेल्यावर ज्याने पहिलं पद म्हणायचं, तोच माणूस मान खाली घालून गप्प.

आम्ही म्हणजे इंदूरची हौशी मंडळी. कुणी बँकेत, कुणी शाळेत, कुणी निवृत्त. तालमी रामबागेतल्या एका जुन्या घराच्या माडीवर होतात. मे महिन्यात मुलांचं नाट्यशिबिर घेतो आणि त्यातूनच वर्षाचं एक नाटक उभं राहतं. संहिता मी लिहिते.

पुस्तक निवडताना दोन गोष्टी बघितल्या. पहिली व्यवहाराची. जिवंत लेखकाच्या पुस्तकावर नाटक करायचं तर परवानगी हवी, मानधन हवं, आणि ते योग्यच आहे. पण लहान संस्थेच्या खिशाला ते दर वर्षी झेपत नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी लेखन सर्वांसाठी खुलं होतं. गुरुजी ११ जून १९५० ला गेले, म्हणजे २०११ पासून त्यांची पुस्तकं खुली आहेत. ‘मनूबाबा’ हे त्यांच्या ‘गोड गोष्टी’ मालेतलं पुस्तक, आणि त्याचं मूळ जॉर्ज इलियट या इंग्रज लेखिकेच्या १८६१ सालच्या ‘सायलस मार्नर’ या कादंबरीत आहे. दोन्ही दारं उघडी होती. गुरुजींच्या पुस्तकात जे नाही ते इलियटबाईंकडून घेता येणार होतं, आणि ते आम्ही मोकळ्या मनाने घेतलं.

दुसरी गोष्ट प्रेक्षकांची. मराठी बालरंगभूमीचा पाया मोठा आहे. १९५९ साली सुधा करमरकरांनी लिटल थिएटरतर्फे रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ केलं, पुढे मतकरींची ‘निम्मा शिम्मा राक्षस’, ‘अलबत्या गलबत्या’ आली. चेटकिणी, राक्षस, राजपुत्र यांचं हे जग मुलांनी डोक्यावर घेतलं आणि आजही घेतात. माझं बालपणही त्याच नाटकांवर पोसलं. पण शिबिरांच्या प्रयोगांना मी वर्षानुवर्षं मागच्या रांगेत उभी राहून बघते. मुलं पुढे सरसावून बसलेली असतात आणि आईवडील मोबाइलमध्ये. ते मुलांना घेऊन आलेले असतात, नाटकाला आलेले नसतात. इंदूरला तसं कुटुंबाने नाटकाला जाण्याचं वळण आहे. सानंद न्यासाच्या प्रयोगांना लोक वर्षाची सभासद वर्गणी भरून, आपापल्या गटात जातात. त्या गटांना मामा मुजुमदार, रामूभैया दाते, राहुल बारपुते अशी इंदूरच्या मोठ्या माणसांची नावं आहेत. त्या नाटकांना मुलं येत नाहीत आणि मुलांच्या नाटकांत मोठे मन घालत नाहीत. मला हे दोन प्रेक्षक एका गोष्टीत बांधायचे होते. एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या दारात एक मूल येतं आणि राहतं, ही गोष्ट त्या दोघांचीही आहे.

मनूच्या मौनाचं उत्तर आम्हाला महेश्वरला मिळालं. इंदूरपासून सुमारे ९० किलोमीटर, नर्मदेच्या काठी. अहिल्याबाईंनी तिथून राज्य चालवलं आणि तिथल्या विणकामाला आधार दिला. साडीच्या काठांत किल्ल्याची, घाटाची नक्षी आजही उतरते. आम्ही गेलो होतो मनूचं काम करणाऱ्या नटाला माग दाखवायला. माग चालवणाऱ्याची पाठ कशी वाकते, हात कुठून कुठे जातो, नजर कुठे असते, एवढंच त्याने बघून घ्यावं अशी माझी अपेक्षा होती. तबल्याला बसणारे काका सहज म्हणून बरोबर आले होते. एका घरात एक वयस्क विणकर बसले होते. काकांनी थोडा वेळ ऐकलं आणि मांडीवर बोटं चालवायला लागले.

मागावर एका धाग्यासाठी तीन कामं होतात. पायाने खालची पट्टी दाबायची, म्हणजे ताण्याचे धागे वरखाली होऊन मधे वाट उघडते. दोरी ओढायची, म्हणजे त्या वाटेने धोटा पलीकडे जातो. मग फणी पुढे ओढून नवा धागा ठोकून बसवायचा. पुन्हा दुसऱ्या पायाची पट्टी, धोटा उलट, फणी. उजवा पाय तीन, डावा पाय तीन. काका म्हणाले, “ताई, हा दादरा आहे. उजवा पाय पडला की सम, डावा पडला की खाली. यांना कुणी शिकवलेला नाही, कामातच बसलेला आहे.” सहा मात्रांचा ठेका, धा धीं ना, धा तीं ना. आवाजही वेगवेगळे: पट्टीचा दबका, धोट्याचा टणक, फणीचा जड. आम्ही ते मोबाइलवर टिपून घेतलं. परतीच्या वाटेवर मानपूरचा घाट चढताना गाडीत तेच पुन्हा पुन्हा ऐकत होतो.

त्या दिवसापासून नाटकाचा सांगाडा बदलला. कारण दादरा हा अंगाईचाही ताल आहे. मराठी घरांतली पाळण्याची गाणी, माळव्यातल्या लोरी, बऱ्याचशा त्याच सहा मात्रांत हलतात. पाळण्याचा झोका जातो तीनात, येतो तीनात. म्हणजे मनूच्या एकटेपणाचा आवाज आणि त्याच्या बाप होण्याचा आवाज एकाच ठेक्यात बसत होता. पहिल्या अंकात माग द्रुत चालतो, कोरडा, पेटीशिवाय, सुराशिवाय. सोन्याची चोरी होते तेव्हा तो थांबतो. आणि थंडीच्या रात्री उघड्या दारातून रांगत आलेली पोर चुलीपाशी झोपलेली सापडते, तेव्हा मनू तिला मांडीवर घेतो, एक हात नकळत तिला थोपटू लागतो. त्या थोपटण्यात प्रेक्षकाला मघाचाच ठेका ओळखू येतो, पण लय निम्म्याने उतरलेली. तिथे पेटी पहिल्यांदा सूर धरते. तिथे मनू पहिल्यांदा गातो.

नायकाचं पहिलं पद इतक्या उशिरा आणण्याबद्दल आमच्यात बराच वाद झाला. काहींचं म्हणणं, मुलं तोवर धीर धरणार नाहीत. माझं मत तेव्हाही पक्कं होतं आणि प्रयोगांनंतर जास्तच पक्कं झालं: जे पात्र बोलून सांगू शकतं त्याला गाणं देऊ नये. आपल्या संगीत रंगभूमीवर पदं इतकी झाली, की गाणं म्हणजे मधे थांबून केलेली सजावट अशी अनेकांची समजूत होते. ‘सौभद्र’सारखं नाटक बघावं, तिथे पद आलं की गोष्ट पुढे गेलेली असते. मुलांच्या नाटकात तर हे जास्तच सांभाळावं लागतं. दर पाच मिनिटांनी एक नाचगाणं टाकलं की मूल टाळ्या वाजवतं, आणि गोष्ट कुठे होती ते विसरून जातं. गुरुजींच्या निवेदनातल्या हळव्या जागा दिसल्या की तिथे गाणं घालावं असा मोह मलाही होत होता. त्यातल्या बहुतेक जागा आम्ही शब्दांशिवाय ठेवल्या.

निवेदक मात्र मुळीच घेतला नाही. मराठी नाटकाला सूत्रधार हाताशी असतो आणि पुस्तकाचं नाटक करताना तो फार सोयीचा पडतो. लिहायला अवघड असेल ते त्याच्या तोंडी द्यायचं की झालं. आम्ही त्याच्या जागी गावातल्या बायका आणि पोरी आणल्या. आमच्या शिबिरातल्या मुलींना भोंडलाही माहीत असतो आणि संजाही. पितृपक्षात माळव्यातल्या मुली भिंतीवर शेणाच्या आकृत्या काढून संजाची गाणी म्हणतात, आणि लगेच नवरात्रात मराठी घरांत हत्तीभोवती फेर धरला जातो. इंदूरच्या मराठी मुलीच्या वाट्याला हे दोन्ही येतं. आम्ही कोरसला फेर दिला. मनूबद्दलच्या कुजबुजी, संशय, भीती, त्याची चोरी झाल्यावरची हळहळ, पोर आल्यावरचं कौतुक, हे सगळं त्या फेरातून येतं. चाली संजाच्या वळणाच्या, शब्द मराठी. फेराच्या मधे हत्ती नसतो, मनूचं घर असतं. गोष्ट पुढे सरकते तसा फेर मोठा होत जातो आणि शेवटी मनू स्वतःच त्यात उभा असतो.

मोहरा मोजण्याचा प्रसंग मुलांना सगळ्यात आवडला, आणि आजी-आजोबांनाही. मनू रात्री मडक्यातून मोहरा काढून एकेक मोजतो. पितळी चकत्या पत्र्याच्या डब्यात टाकल्या की सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत नाद जातो. त्याने मराठीत मोजायचं होतं. इंदूरच्या मुलांना मराठी अंक वीसच्या पुढे येत नाहीत. हिंदीतले आणि इंग्रजीतले येतात. मनू अठ्ठावीसवर पोचला की थबकतो, पुढचा आकडा आठवत नसल्यासारखा वर बघतो. त्या जागी प्रेक्षागृहातून उत्तर येईल का, याची खात्री नव्हती. पहिल्या प्रयोगात दोनचार आजोबांच्या जाड आवाजात “एकोणतीस!” आलं. मुलांनी माना वळवून त्यांच्याकडे बघितलं. पुढच्या अडतीसला मुलं आजोबांच्या तोंडाकडे बघत वाट पाहत होती, आणि अठ्ठेचाळीसला सगळे एकत्र. रंगमंचावरचा माणूस एकटा आहे आणि त्याला मोजायला सगळं सभागृह मदत करतं आहे, असं काहीतरी तिथे घडायचं. हे मी लिहिलेलं नव्हतं, फक्त जागा मोकळी ठेवलेली होती. चोर आत शिरतो तेव्हा मुलं ओरडून मनूला सावध करायची. मोहरा आता त्यांच्याही झालेल्या होत्या.

मनूच्या दारात आलेली ती पोर म्हणजे सोनी. तिच्या आईच्या मृत्यूचं काय करायचं, यावर पालकांशी बोलणं झालं. मूळ इंग्रजी कादंबरीत ती बर्फात पडते. आम्ही पौषातली माळव्याची थंडी आणली, जी इथल्या प्रत्येकाच्या हाडांना माहीत आहे. काही पालकांना वाटत होतं की पाचसहा वर्षांच्या मुलांपुढे आई मरू नये, ती कुठेतरी दूर गेली असं दाखवावं. त्यांची काळजी मला कळत होती. पण ज्या गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली त्यांच्या गोष्टीतून मृत्यू पुसून काढायला माझं मन तयार झालं नाही. मुलं मृत्यूला घाबरतात त्यापेक्षा मोठ्यांच्या लपवालपवीला जास्त घाबरतात, असं मला शिबिरांतून दिसत आलं आहे. आम्ही एवढं केलं की ती रंगमंचावर एकटी राहत नाही. ती पडते, पोर उजेडाच्या दिशेने रांगते, आणि लगेच गावातली एक बाई येऊन तिच्या अंगावर स्वतःची शाल घालते, तिच्याजवळ बसते, फेरातल्या बाकीच्या येऊन बसतात. कुणी रडगाणं गात नाही. मुलं शांतपणे बघतात. एका प्रयोगात पुढच्या रांगेतल्या छोट्या मुलाने मोठ्याने विचारलं, “आता तिला कोण बघणार?” त्याच्या आजीने उत्तर दिलं, “थांब, मनूबाबा येतोय.” त्या कुटुंबातला कुणीच मोबाइल बघत नव्हता.

मग सोनीचा जन्मदाता तिला न्यायला येतो तो प्रसंग. मोठ्या घरचा, श्रीमंत, इतकी वर्षं गप्प राहिलेला. मुलांना तो दुष्ट वाटावा असं लिहिणं सोपं होतं, आणि तसं लिहिलं असतं तर मोठ्या प्रेक्षकांना त्यात काही उरलं नसतं. तो भित्रा आहे, पस्तावलेला आहे, आणि त्याचं प्रेमही खोटं नाही. इथे शब्दांची फार काळजी घेतली. शिबिरात दत्तक मुलं असतात, प्रेक्षागृहातही असणार. ‘खरा बाप’, ‘रक्ताचं नातं’, ‘परकी पोर’ हे शब्द मराठी नाटकात इतके सरावाचे आहेत की लिहिताना आपोआप उमटतात. संहितेतून ते एकेक शोधून काढले. जन्मदाता येतो तेव्हा तो ‘मी तुझा बाप’ म्हणत नाही. तो काय घडलं ते सांगतो. सोनीच्या नकारासाठी संगीतकाराने एक सुंदर, चढत जाणारी चाल केली होती. तालमीत ती ऐकून सगळ्यांचे डोळे भरले. तरी ती आम्ही ठेवली नाही. सोनी साध्या बोलीत सांगते की मी इथेच राहणार, आणि मागावर जाऊन बसते. पट्टी, धोटा, फणी. मनूने इतकी वर्षं जे वाजवलं ते आता तिच्या हातात. त्यावर कुठलीच चाल चढली नसती.

सोळा वर्षं रंगमंचावर कशी जावीत, हा प्रश्नही मागानेच सोडवला. विणलेलं कापड मागाच्या पुढून मंचभर पसरत जातं. ते धरून दोन मुली चालत येतात. कापड उंच धरलं की त्यामागे लहान सोनी पळत जाते आणि पलीकडून मोठी सोनी बाहेर येते. लहान सोनीचा एक प्रसंग इलियटच्या कादंबरीतून जसाच्या तसा घेतला: पोर फार पळते म्हणून विणकर तिला कापडाच्या लांब पट्टीने मागाला बांधतो, आणि ती त्याचीच कात्री घेऊन पट्टी कापून निसटते. मुलं या जागी खूप हसतात. आया आणि आज्या जरा जास्तच हसतात.

मनूच्या आणि सोनीच्या एकत्र पदाला पट्टीचं कोडं होतं. मनूचा आवाज भारदस्त, काळी एकमध्ये रमणारा. नऊ वर्षांची मुलगी त्या पट्टीत गायला लागली की आवाज घशात अडकतो. मोठ्या माणसाला वर खेचलं तर तो ओरडतो. पुष्कळ ठिकाणी अशा वेळी ध्वनिमुद्रित गाणं लावून पात्रांना ओठ हलवायला सांगतात. मला ते मान्य नाही. मूल दर प्रयोगाला वेगळ्या श्वासाने गातं, आणि वाद्यांनी त्याच्या मागे चालावं. आमच्या संगीतकाराने मनूला काळी एक दिली आणि सोनीला काळी चार. म्हणजे मनूचा पंचम तोच सोनीचा षड्ज. मनू आपली ओळ पंचमावर आणून सोडतो, आणि तिथूनच ती सुरू करते. त्याच्या सुरात तिचं घर आहे, हे सांगायला त्या दोघांना एकही शब्द लागत नाही. चाल पहाडीच्या अंगाची. माळव्याच्या लोकधुनांचं ऋण आम्ही सगळेच मानतो. देवासला कुमारजींनी त्या धुनांकडे किती बारकाईने बघितलं हे इथल्या प्रत्येक गाणाऱ्याला माहीत आहे, आणि त्यामुळे त्यांची उसनी चमक आपल्या चालीत आणायला कुणी धजत नाही. धून साधी ठेवली, मुलाला बसेल इतकीच.

माग उभा केला तो झांकी करणाऱ्या एका कारागिराने. अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूरचे रस्ते गिरण्यांच्या झांक्यांनी उजळतात. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी. गिरण्या कधीच्या बंद झाल्या, झांक्या निघतातच. हलणाऱ्या मूर्ती, फिरणारी चक्रं, उघडझाप करणारे डोळे हे सगळं साध्या मोटरी, तारा आणि बांबूंवर करणारी ही मंडळी. त्यांनी विचारलं, माग दिसायला हवा की चालायला हवा? आम्ही म्हणालो चालायला हवा, पण मोटरीवर नाही, नटाच्या पायावर. त्यांनी भंगारातलं लाकूड, सायकलची साखळी आणि पलंगाच्या पट्ट्या यांतून तो केला. वस्तूंमध्ये दुसऱ्या वस्तू बघायची ही दृष्टी इंदूरला विष्णू चिंचाळकर गुरुजींनी दिली. सुकलेल्या फांदीत, फाटक्या चपलेत त्यांना आकृत्या दिसत. आमच्या नेपथ्यात विकत आणलेलं फारसं काही नव्हतं. कोरसची लुगडी घराघरांतून आलेली, मनूचं कापड जुन्या चादरी जोडून केलेलं.

त्याच कारागिराने नाटकाचा शेवट बदलायला लावला. इलियटच्या कादंबरीत विणकर म्हातारपणी मुलीला घेऊन आपलं जुनं गाव बघायला जातो. त्या चोरीचं खरं पुढे आलं का, हे त्याला विचारायचं असतं. तिथे पोचतो तर सगळी वस्ती गेलेली आणि त्या जागी मोठा कारखाना. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडणारे कामगार. त्याला उत्तर कधीच मिळत नाही. मुलांच्या नाटकाला हे जड जाईल म्हणून मी तो भाग बाजूला ठेवला होता. कारागिराला गोष्ट सांगताना ओघात तोही सांगितला. त्यांचे वडील हुकुमचंद मिलमध्ये कामाला होते. ती मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि कामगारांची देणी मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. तोवर किती जण गेले. ते म्हणाले, हा प्रसंग इंदूरला दाखवायलाच हवा. मला पटलं. ज्या शहराने गिरण्या उभ्या राहताना आणि ओस पडताना बघितल्या, तिथे हातमागवाल्याला कारखान्याच्या फाटकापुढे उभा केला तर आजोबांच्या पिढीला त्यात स्वतःचं शहर दिसणार होतं.

प्रसंग जेमतेम तीन मिनिटांचा आहे. मनू आणि सोनी रिकाम्या मंचावर येतात, मिलचा भोंगा होतो, कोरसची मुलं डबे घेऊन घाईने त्यांच्या दोन्ही बाजूंनी निघून जातात. मनू एकेकाला थांबवून विचारू बघतो. कुणाला माहीत नसतं. सोनी त्याचा हात धरते आणि म्हणते, बाबा, घरी चला. भोंगा झाला की मागच्या रांगांतली म्हातारी माणसं सरळ होऊन बसतात. प्रयोग संपल्यावर एक गृहस्थ नातीला घेऊन रंगपटात आले आणि तिला दाखवून म्हणाले, “हिला सांगत होतो, आमचा भोंगा सकाळी असाच व्हायचा, पण जरा खालच्या सुरात.” काकांनी लगेच त्यांना सूर विचारून घेतला. पुढच्या प्रयोगापासून भोंगा तेवढा उतरवला आहे.

भाषेचं सांगायला हवं. शिबिरातल्या मुलांची मराठी ही घरातली मराठी आहे, शाळेतली नाही. ती “काय करून राहिलास?” असं सहज म्हणतात, वाक्य हिंदीत सुरू करून मराठीत संपवतात. पुण्या-मुंबईचे परीक्षक कधीकधी यावर नाराज होतात. मी गावकऱ्यांना हीच बोली दिली आणि मनूला जरा वेगळी, नर्मदेकाठची लय असलेली. परका माणूस परका ऐकू यावा म्हणून. उच्चारांवर मात्र मेहनत घेतली, विशेषतः ‘ळ’ आणि ‘च’वर, त्यात माळवी बोलणारी मुलं ‘ळ’ आमच्या मराठी मुलांपेक्षा स्वच्छ म्हणत होती. संवादांपेक्षा गाण्यांतली मराठी मुलांच्या तोंडात जास्त टिकते. नाटक संपून महिने झाले तरी शिबिरातली मुलं फेराची गाणी म्हणत सायकलवरून जाताना दिसतात. त्यांतल्या काही शब्दांचे अर्थ ती आजीला विचारून घेतात, असं त्यांच्या आज्याच सांगतात.

आता बुऱ्हाणपूरहून बोलावणं आलं आहे. ताप्तीकाठचं हे शहर यंत्रमागांचं. तिथली मराठी वस्ती जुनी, आणि विणकराची गोष्ट म्हणून त्यांना ती हवी आहे. काकांचं म्हणणं, तिथल्या मुलांच्या कानात यंत्रमागाची खडखड बसलेली असणार. आपला सावकाश दादरा त्यांना माग म्हणून ओळखू येईल का? मलाही तीच शंका आहे. म्हणून प्रयोगाआधी तिथल्या एखाद्या शेडमध्ये जाऊन ऐकायचं ठरवलं आहे. ठेका वेगळा निघाला तर सुरुवात यंत्रमागाच्या आवाजाने करायची आणि मनू पायाने पट्टी दाबेल तेव्हा तो आवाज बंद करायचा, असं सध्या डोक्यात आहे. कोरसच्या मुलींना फेरात शिरण्याची जागा त्यामुळे बदलावी लागेल. त्या तालमी रविवारपासून.